गज ज्याच्या हातात

मागच्या महिन्यात धुळ्याच्या दुकानातून एक माणूस जळगावला माझ्या घरी आला आणि चार छापील पानं हातात देऊन गेला. दुकानाचा मोठा समारंभ व्हायचा आहे, त्याची पुस्तिका निघते आहे, आणि सर्वांत जुना नोकर म्हणून माझ्या चार ओळी तीत हव्यात, असा निरोप होता. "काही गोड आठवणी लिहा म्हणावं मेहताजींना," असं छोट्या शेठनी सांगून पाठवलं होतं. छोटे शेठ म्हणजे मूळ शेठजींचे पुतणे. आता त्यांच्या डोक्यावर केस उरले नाहीत, पण आमच्या पिढीला ते छोटेच.

दुसऱ्या पानावर मी अडकलो. तिथं छापलं होतं की एके काळी धुळ्याच्या दुकानात बेइमान नोकरांचा सुळसुळाट झाला होता, माणसं टिकत नव्हती, विक्री घसरली होती. तेव्हा मालकांनी शास्त्रशुद्ध तक्ते करवून घेतले, कामाची माणसं कोण आणि बिनकामाची कोण हे ओळखलं आणि दुकान सावरलं. खाली त्या तक्त्याचा फोटो. तो तक्ता चौकटीत घालून आजही गादीच्या वर टांगलेला आहे. अक्षर माझं आहे. मी तेव्हा त्याच्यावर इतका खूश होतो की चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी काढली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला त्या तक्त्यानं दुकानाबाहेर काढलं, तो वारला. जिवंत होता तोवर बाजारानं त्याला बेइमान म्हटलं, आणि आता मेल्यावर पुन्हा छापून म्हणायचं? मी चार ओळींऐवजी सगळी हकीकत लिहून पाठवली. ती जशीच्या तशी परत आली. 'जागा कमी आहे' एवढंच सोबत होतं. वेलबुट्टीला जागा आहे, ह्याला नाही! म्हणून ते इथं लिहितो.

शेठजींचं घराणं राजस्थानातून आलेलं. शेठजी स्वतः शांत, दिवस मावळायच्या आत जेवणारे, नोकरालाही 'आप' म्हणणारे. एकच दोष होता. कागदावर आलेली गोष्ट त्यांना डोळ्यासमोरच्या माणसापेक्षा खरी वाटायची. मुंबईला मालाच्या खरेदीला गेले असताना एका गिरणीच्या कचेरीत त्यांनी भिंतीभर तक्ते पाहिले. कोणता माल कुठं खपला, कोणत्या खात्यातून किती माणसं सोडून गेली, सगळं रकान्यांत. परत आल्याबरोबर त्यांनी मला जळगावच्या पेढीवर बोलावलं. मी पाचोऱ्याचा, मॅट्रिक झालेला, छोटे शेठ चालवत त्या धुळ्याच्या दुकानात हिशेब लिहिणारा मेहता, आणि सरळ रेघा मारण्याबद्दल प्रसिद्ध.

"मेहताजी, धुळ्याला माणसं का टिकत नाहीत? दर दिवाळीला कुणी ना कुणी उठून जातं. आणि विक्री कोण करतं, कोण नुसता पान चघळत बसतो, हे मला जळगावात बसून दिसलं पाहिजे."

"बघतो, शेठजी."

"बघायचं नाही. मांडायचं."

हे वाक्य मी तेव्हा किती जणांना ऐकवलं असेल! आता त्याचीच चीड येते. न बघता मांडलेलं काय चुलीत घालायचं?

धुळ्याच्या दुकानाची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. कापड मोजायचा लोखंडी गज फक्त घरच्या माणसाच्या हातात. नोकर मोजताना बोटभर कापड जास्त सोडील, ही धास्ती. त्यामुळे नोकरानं गिऱ्हाइकाला बसवायचं, पाणी द्यायचं, तागे उलगडायचे, घासाघीस करायची. आणि गिऱ्हाईक "फाडा" म्हणालं की छोट्या शेठना हाक मारायची. छोटे शेठ येणार, गज लावणार, टर्रकन कापड फाडणार आणि माझ्याकडे चिठ्ठी पाठवणार. चिठ्ठीवर नाव मोजणाऱ्याचं. मापाबद्दल तक्रार आली तर कुणाला विचारायचं ते कळावं, एवढ्यासाठी ते नाव. रुमाल, पंचे, टॉवेल असा नगावर जाणारा माल तेवढा नोकर आपल्या नावानं विकत. लग्नाचा बस्ता म्हणजे लुगडी, खण, धोतरं, मांजरपाट, आहेराची कापडं असं सगळं एकत्र. त्याची चिठ्ठी एकच, आणि ती छोट्या शेठच्या नावाची.

मापासाठी असलेल्या त्या चिठ्ठ्यांवरून मी विक्रीचा तक्ता मांडला. आमच्या पेढीखेरीज असली चूक कुणी करू शकलं नसतं, कारण गज धरणारा तोच विकणारा, असं मालकाच्या घरात सगळे मनापासून मानत होते. छोटे शेठही मानत होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटायचं की आपण आलो, कापड फाडलं, म्हणजे आपण विकलं.

आता नानांबद्दल. साक्रीच्या वाटेवरच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले, पण वाटणीला जमीन फारशी न आलेले. सगळा बाजार त्यांना नाना म्हणे. उंच, मोठ्या मिशा, आणि फेट्याचा असा डौल की नव्या गिऱ्हाइकाला तेच मालक वाटत. छोट्या शेठना ते खुपायचं. नाना अजिबात गरीब स्वभावाचे नव्हते. बढाया मारत, माझ्याकडून उसनी घेतलेली तंबाखू कधी परत करत नसत, आणि रंगाच्या बाबतीत बिनदिक्कत थापा मारत. पण खेड्यातली बैलगाडी दारात सुटली की त्यांची मजा बघावी. आम्ही मेहते मंडळी शहरी मराठी बोलणार, मालक आपसात मारवाडी. नाना पायरीवरूनच खेड्याच्या बोलीत सुरू होत.

"ये व माय, उनमा चालीसन उनी व्हशी. पहिले पानी पे. लगीन कोनं शे, आंडोरनं का आंडेरनं?"

मुलाचं की मुलीचं, एवढंच विचारलेलं. पण ती बाई गादीच्या कडेला टेकलेली असे ती मांडी घालून बसे. मग मुलगी गोरी की सावळी, सासर कुठलं, विहिणीचा स्वभाव कसा, सगळं निघे, आणि त्या बोलण्याबरोबर तागे उलगडत जात.

"नाना, रंग जाई का?"

"रंग गया तं मनी मिशी काढी टाकजो."

एकदा एक म्हातारी विटलेलं लुगडं घेऊन खरंच भांडायला आली. "काढ तुनी मिशी," म्हणाली. नाना हात जोडून म्हणाले, "अक्का, हाऊ महिना राहू दे. मना साडूना घर लगीन शे, बिनमिशीना कसा जाऊ?" म्हातारी हसून हसून खोकायला लागली आणि जाताना आणखी एक लुगडं घेऊन गेली. ते फाडायचं नव्हतं, घडीचंच होतं. तरी छोटे शेठ उठून आले, नुसता हात लावला, आणि चिठ्ठी त्यांच्या नावाची झाली. मी ती टोचणीला टोचली. माझ्या समोर झालं हे.

नोकर दिवाळीला का जात, हे तर त्याहून उघड होतं. दिवाळीचं बक्षीस छोटे शेठ चिठ्ठ्या पाहून देत. वर्षभर घसा कोरडा करून बस्ते विकणाऱ्याच्या हातावर काहीतरी टेकवायचं, आणि कोपऱ्यात बसून पंचे विकणाऱ्याला शाबासकी. ज्याला विकता येतं तो पाडव्याला शेजारच्या गल्लीत जाणार नाही तर काय करील? चांगला माणूस जायचा आणि दगड राहायचा. माझ्या दुसऱ्या तक्त्यात सोडून गेलेल्यांची यादी होती आणि शेवटी 'कारण' असा रकाना. तो मी छोट्या शेठना विचारून भरला. 'चंचल.' 'घरची ओढ.' 'कामचुकार.' गेलेली सगळी माणसं धुळ्यातच होती, दुपारी चहाच्या दुकानावर भेटत होती. एकालाही मी विचारलं नाही, बाबा, तू का गेलास?

तरी आकड्यांनी मला एकदा हाताला धरून दाखवलं होतं. ऐन लगीनसराईत नाना हिवतापानं पडले आणि बरेच दिवस दुकानात आले नाहीत. मी हौसेनं विक्रीच्या शेजारी नोकरांच्या हजेरीचा रकानाही घेतला होता. बघतो तर काय, ताप नानांना आणि अंथरूण धरलं छोट्या शेठच्या विक्रीनं! बाहेर गाड्यांची रांग, मुहूर्त एकावर एक, आणि बस्ते मात्र निम्म्यानंही नाहीत. नाना परत आले त्या आठवड्याच्या बाजारापासून छोट्या शेठचे आकडे पुन्हा टणटणीत. आंधळ्यालाही कळलं असतं.

मी कागद घेऊन छोट्या शेठकडे गेलो. "नाना नसले की तुमच्या चिठ्ठ्या कमी होतात," म्हटलं.

त्यांनी कागदाकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली, मग गेली. "त्या वेळी माझ्या सासरचे पाहुणे होते, मेहताजी. लक्ष नव्हतं माझं."

"पण शेठजींना हे..."

"काकांनी विक्री मागितली आहे ना? मग हजेरी कशाला घुसडता? उगाच गिचमिड." आणि पान जुळवता जुळवता म्हणाले, "बरं आठवलं. जळगावच्या मुख्य मेहत्याची जागा मोकळी होते आहे. काका तुमचं नाव घेत होते."

मी बिऱ्हाडी आलो, नवा कागद घेतला आणि हजेरीचा रकाना गाळून तक्ता पुन्हा उतरवला. वेलबुट्टी ह्या दुसऱ्या कागदावरची आहे. लोक आज मान वर करून बघतात तो हाच कागद.

पाडव्याला शेठजी जळगावहून आले. वहीपूजन झालं, पेढे वाटले, मग त्यांनी नानांना समोर बसवलं. नवा फेटा होता नानांचा, मोतिया रंगाचा. त्यांना वाटलं, ह्या वर्षी तरी काही मिळतं आहे.

"नाना, तुमच्या नावावर ह्या वर्षी एक बस्ता नाही," शेठजी अगदी मऊपणे म्हणाले. "पंचे विकणाऱ्या माणसाच्याही तुम्ही खाली आहात."

नानांना आधी थट्टाच वाटली. "मग वर्षभर मी काय माशा मारल्या, शेठजी?"

"तक्ता तसं सांगतो."

"बस्ता नावानं फाडतात का गजानं? आणि गज कधी दिलात माझ्या हातात?" मग ते माझ्याकडे वळले. "मेहताजी, तुम्ही बसता ना हितं रोज? सांगा की ह्यांना."

मी दौतीचं झाकण लावत होतो. म्हणालो, "तक्त्यात आहे तेच आहे, नाना."

नाना उठले. आदल्या गिऱ्हाइकासाठी उलगडलेले तागे गादीवर तसेच पसरलेले होते. त्यांच्याकडे बोट करून ते म्हणाले, "उलगडायचं काम मी केलंय. घड्या तेवढ्या छोट्या शेठच्या नावावर घाला." आणि पायऱ्या उतरून गेले.

इथपर्यंत मूर्खपणा होता. पुढं झाली ती लबाडी. बाजारच्या दिवशी गाड्या आल्या की बायका पायरीवरूनच विचारत, "नाना कोठे गया?" छोटे शेठ काय सांगणार? बिनकामाचा होता म्हणून काढला, असं त्या बायकांना सांगितलं असतं तर त्या तोंडावर हसल्या असत्या. म्हणून ते हात हलवून म्हणत, "हात चांगला नव्हता त्याचा." झालं. दोन बाजारांत गावोगाव पसरलं की नानानं चोरी केली. दुसऱ्या दुकानांचे मेहते रिवाजाप्रमाणे माझ्याकडे चौकशीला आले. माणूस कसा आहे? ठेवावा का? मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "आमच्या तक्त्यात त्यांच्या नावावर काही नाही." खोटं एक अक्षर नाही त्यात. त्या उत्तरानंतर धुळ्यात एकाही दुकानानं नानांना पायरी चढू दिली नाही.

आणि ज्या दुकानाला वाचवलं म्हणता, त्याचं काय झालं? नानांच्या मागोमाग दुसरे दोघे जाणते नोकर आपणहून गेले. त्यांच्या जागी लांबून माणसं आणली. हिशेबी, स्वच्छ, तोंडातून ब्र न काढणारी. त्यांना आमच्या बायकांची बोली कळेना, बायकांना त्यांची. कुणी लुगडं मागावं आणि त्यांनी खण काढावा. ती माणसंही कंटाळून गेली. गाड्या आमच्या दारावरून पुढच्या गल्लीत जायला लागल्या. तेवढ्यात कापसाचा भाव पडला, सगळाच बाजार बसला, आणि छोट्या शेठना आयतं कारण मिळालं. मंदी! मंदी होतीच. पण शेजारच्या गल्लीत ती आमच्यापेक्षा बरीच उशिरा पोहोचली, हे मला दिसत होतं. शेठजींनी नवा तक्ता मागितला, मी तोही करून दिला. तोवर मी जळगावचा मुख्य मेहता झालो होतो. कारणाच्या रकान्यात 'मंदी' लिहिलं, सुंदर वळणात.

नानांना मी पुन्हा एकदाच पाहिलं, अमळनेरच्या बाजारात. खांद्यावरचं गाठोडं जमिनीवर सोडून कापड विकत बसले होते. फेटा विटलेला, पण डौल तोच. मी तोंड फिरवून जाणार तोच हाक आली.

"या मेहताजी! काय दाखवू?"

मी गुपचूप खाली बसलो. एक निळा तुकडा त्यांनी उलगडला आणि कोपरापासून बोटापर्यंत हातानं मोजायला लागले. मी पाहत होतो ते त्यांच्या लक्षात आलं. "गज घेतला नाही अजून," म्हणाले. "आम्हाला कुठं सवय त्याची?"

"रंग पक्का आहे ना, नाना?" मी विचारलं.

"मिशी लावतो पैजेला." मग कापडाची घडी घालत, "तुमच्या तक्त्यात मी कुठल्या रकान्यात होतो, मेहताजी?"

मी कापड घेतलं आणि उठलो. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग गेला. मला बरं वाटलं. निदान एक थाप तरी त्यांच्या नावावर लागली.

पुस्तिकेची पानं आली त्यानंतर मी त्यांच्या गावी गेलो. नाना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी, गावच्या अक्का, ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी सगळं सांगितलं, रकाना गाळला इथपर्यंत. त्यांनी हात थांबवला नाही.

"भाऊ, माले सांगीसन काय उपेग? माले ते ठाऊकच शे," त्या म्हणाल्या. "ज्या बजारमा त्यास्ले बेइमान म्हनेत, तठे जाईसन सांगा."

पाणी दिलं, पण 'बसा' म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच प्यालो.

गेल्या बाजारी मी धुळ्याला गेलो. आधी दुकानात वर चढलो आणि छोट्या शेठना म्हटलं, तो तक्ता उतरवा आणि पुस्तिकेतला शब्द काढा. ते मोठ्यानं हसले. "मेहताजी, अक्षर तर तुमचंच आहे! वय झालं तुमचं, चहा घ्या." चहा न घेता मी खाली आलो.

हल्ली कापडावर सरकारचं नियंत्रण आहे. दुकानाच्या पायरीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत रेशनची कार्डं धरून माणसं उभी असतात. मिळेल ते कापड मुकाट्यानं घ्यायचं. बोलून विकणाऱ्या माणसाची आता कुणालाच गरज नाही. त्या रांगेसमोर मी उभा राहिलो आणि बोललो. ह्या दुकानात नाना नावाचा माणूस होता, म्हटलं. तुमचे बस्ते त्यानं विकले आणि नाव दुसऱ्याचं लागलं. त्यानं कधी चोरी केली नाही. तो खोटा कागद मी केला, मी ह्या दुकानाचा मेहता.

काही लोकांनी पाहिलं, काहींनी मान फिरवली. एक जण म्हणाला, "आजोबा, सावलीत बसा." वरून दुकानाचा राखणदार उतरून आला आणि माझा दंड धरायला लागला. तेव्हा रांगेतली एक म्हातारी पुढं वाकली.

"तो फेटावाला नाना? मना लगनना बस्ता त्यानीच फाडा व्हता." तिनं राखणदाराचा हात बाजूला केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग इतला दिन तू कोठे व्हता रे भाऊ?"

रांग पुढं सरकली. तिच्या मागची बाई विचारत होती, "कोन नाना?" आणि म्हातारी तिला सांगायला लागली होती.